हाल म्हणजे दूध

मनुष्य गाव सोडून निघतो तेव्हा बरोबर काय नेतो, असे कोणी विचारले तर आपण भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, देव्हाऱ्यातील देव अशी यादी सांगू. भाषा त्या यादीत कोणी धरीत नाही. श्वासाप्रमाणे ती आपोआपच बरोबर येते. परंतु नव्या गावी पाऊल ठेवताच प्रथम निरुपयोगी ठरते ती तीच. पितळी हंडा कोठेही हंडाच राहतो. शब्दाचे तसे नाही. कधी कधी तर एकच शब्द या गावी एक अर्थ सांगतो आणि त्या गावी दुसरा. अशा एका शब्दाने आमच्या घराला पाच महिने कसे घोळात घातले, त्याची ही हकीकत आहे.

आम्ही दोघी बहिणी या शाळेच्या माजी विद्यार्थिनी. वार्षिक अंकासाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा दोघींनाही एकाच वेळी तीच आठवण झाली. म्हणून हा लेख दोघींनी मिळून लिहिला आहे.

आम्ही मूळच्या वाईच्या. कृष्णेचा घाट, घाटावरचा ढोल्या गणपती आणि सायंकाळी पायऱ्यांवर बसून पाण्यात सोडलेले पाय, एवढेच आमचे जग होते. हुबळी ही कापसाची मोठी पेठ. येथील एका अडत दुकानात वडिलांना हिशेबनिसाची जागा मिळाली आणि १९८४ च्या जून महिन्यात आम्ही वाई सोडली. साताऱ्याहून आगगाडीने मिरजेस आलो. त्या वेळी मिरजेपासून पुढे मीटरगेज होते. म्हणून मोठी गाडी सोडून लहान गाडीत बसावे लागे. फलाटावर सामान हलविताना आई म्हणाली, "येथपर्यंत आपले, आता पुढे परके." आम्हांस मात्र त्या लहान गाडीचे भारी कौतुक वाटले. बेळगाव गेले, लोंढ्याचे दाट अरण्य आले, खिडकीतून पावसाचे तुषार अंगावर आले. परक्या मुलखाची आमची पहिली ओळख अशी आनंदाची होती.

कमरीपेठेत आम्हांस दोन खोल्यांचे घर मिळाले. बोळ अरुंद, घराला घर लागून, परसातील भिंत पुरुषभरही उंच नाही. एका बोळात किती भाषा! कोणी कन्नड बोलत, कोणी उर्दू, कोणी आमच्यासारखे मराठी; सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची मंडळी घरात आपली निराळीच बोली बोलत. पहिले पंधरा दिवस आमचे पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी वडील पुड्यात बांधून गिरमिट आणीत. कांदा-चिंचेने ओले केलेले ते चुरमुरे आणि सोबत तळलेली मिरची खाऊन डोळ्यांत पाणी येई, तरी हात थांबत नसे. रविवारी सिद्धारूढ स्वामींच्या मठात गेलो. तेथील गर्दीत मराठी बोल कानी पडले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू दिसले.

ते हसू फार दिवस टिकले नाही. वडील सकाळी दुकानी जात, आम्ही शाळेत जात असू. घरात राहणारी एकटी आईच. शाळा मराठी, तेव्हा आम्हांस अर्धा दिवस तरी आपले घर मिळे. आईला ते मिळत नसे. भाजीवालीशी बोटांनी बोलावे, वाण्याकडे वस्तूवर हात ठेवावा, हिशेब चुकला तरी गप्प बसावे. नळाला पाणी काही दिवसांआड येई. ते कधी येणार हे साऱ्या बोळाला ठाऊक असे, आईला मात्र शेजारच्या घागरी खणखणू लागल्यावर कळे. आणि हुबळीला नदी नाही. उणकलचा तलाव आहे. पण तलाव वाहत नाही. "वाहते पाणी पाहिल्यावाचून दिवस संपल्यासारखा वाटत नाही," असे ती म्हणे. वाईला पाठविलेल्या पत्रात मात्र 'आम्ही सर्व येथे खुशाल आहोत' याखेरीज ती काही लिहीत नसे.

आमच्या भिंतीपलीकडे एक वयस्क बाई राहत. सारा बोळ त्यांना अव्वा म्हणे, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणू लागलो. आषाढाचा पहिला आठवडा असेल. सकाळी आई परसात भांडी घाशीत होती. अव्वांनी भिंतीवरून डोके वर काढून हसत विचारले, "हाल बंतेन्री बाई?"

आई दचकली. साऱ्या वाक्यातील एकच शब्द तिला कळला होता, आणि तो होता 'हाल'. वडिलांनी तिला येताना चार कन्नड शब्द शिकविले होते: 'बर्री' म्हणजे या, 'हौद्री' म्हणजे होय, 'इल्री' म्हणजे नाही, आणि 'साकु' म्हणजे पुरे. त्यांतील एक तिने मान ताठ करून फेकला, "इल्री!" आणि ती आत निघून आली. आम्हांला म्हणाली, "त्या बाईला आपले दारिद्र्य दिसले वाटते. सकाळीच विचारते आहे, हाल आहेत का म्हणून!"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी अव्वांनी प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि क्षणभर थांबून भिंतीवरून एक लोटा पुढे केला. त्यात दूध होते.

वाचकांनी आता आईच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. आमची स्थिती त्या वेळी खरोखरच ओढगस्तीची होती. वडील पहाटे फिरून येताना एका ओळखीच्या मराठी गवळ्याकडून पावशेर दूध आणीत. त्यात चौघांचे भागे. परंतु आईने आजवर कोणापुढे हात पसरला नव्हता. आमचे हाल रोज विचारून, आता ही बाई भिक्षा घालते आहे, असेच तिला वाटले. तिने लोटा घेतला नाही. मागे सारताना तो भिंतीवरच्या फरशीवर आपटला; दूध सांडले. अव्वा काही बोलल्या नाहीत. त्यांनी लोटा उचलला आणि त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून भिंतीवरून प्रश्न येणे बंद झाले.

आईने आम्हांस बजावले, "हे वडिलांच्या कानी घालू नका. त्यांना वाटेल, येथे येऊन चूक केली." वडिलांना सांगितले असते तर एका वाक्यात गाठ सुटली असती, पण त्यांच्यावरील मायेपोटीच ती सुटावयाची राहिली. आम्हांसही परसात जाण्याची बंदी झाली.

श्रावणात नागपंचमी आली. या मुलखात हा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोपाळे बांधतात, नाना प्रकारचे लाडू होतात. अव्वांची लेक इचलकरंजीहून आली होती. बोळातील झोपाळ्यावर सगळ्या मुली झुलल्या. आम्ही खिडकीतून पाहत होतो. दसऱ्यास येथील मुले बन्नीची, म्हणजे शमीची, पाने सोने म्हणून वाटतात. वाईला आम्ही आपट्याची वाटीत होतो. आम्ही घरोघरी गेलो. अव्वांचे दार तेवढे वगळले. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही पायांकडे पाहिले. लहान वयातही ते शल्य टोचल्यावाचून राहिले नाही.

शाळेत आम्हां नव्या मुलींना कन्नड मुळापासून गिरवावयाचे होते. थोरली पाचवीत, धाकटी तिसरीत; पण कन्नडच्या तासाला दोघी एकाच बाकावर. बाई आठवड्यातून दोनदा तास घेत. अक्षरांची वळणे जिलबीसारखी. परंतु क्रम ओळखीचा. क, ख, ग, घ याच ओळीत उभी होती. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे दोन पाहुणे तेवढे अधिक. प्रत्येक अक्षराखाली एक चित्र असे. खेळातले शब्द आम्ही मैदानावर केव्हाच उचलले होते. 'बा', 'होग', 'ओडु'. पण स्वयंपाकघरातले शब्द मैदानावर येत नाहीत. आणि 'ह' तर वर्णमालेच्या अगदी शेवटी! दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा कोठे आम्ही त्या अक्षरापर्यंत पोहोचलो. बाईंनी फळ्यावर 'ह' काढला, खाली एक तांब्या काढला, तांब्याच्या तोंडाशी खडूने पांढरा फेस काढला आणि म्हणाल्या, "हालु. हालु म्हणजे दूध. आपल्याकडे बोलताना नुसते 'हाल'ही म्हणतात."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. त्या दिवशी शाळा सुटण्याची घंटा किती उशिरा झाली!

घरी येऊन आम्ही धापा टाकीत सांगितले, "आई, हाल म्हणजे दूध! अव्वा विचारीत होत्या, दूध आले का? आणि तू रोज सांगत होतीस, नाही आले!" आई निवडीत असलेले तांदूळ तसेच ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणून त्यांनी दूध आणले. घरात दोन लहान मुली आणि दूध नाही, म्हणून आणले." मग तिने पदर डोळ्यांना लावला.

क्षमा मागावयास शब्द लागतात आणि तिच्यापाशी शब्द चारच. आम्ही तिला पाचवा शिकविला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूध तापविले, लोटाभर केले. त्या दिवशी घरात कोणाच्याही चहात दूध पडले नाही. लोटा घेऊन ती अव्वांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हाल बंतु." दूध आले.

अव्वा पाहतच राहिल्या. मग आम्ही आमच्या मोडक्या कन्नडमध्ये सारा घोटाळा सांगितला. त्यांना थोडे थोडे मराठी कळे, हेही तेव्हाच समजले. मराठीतील 'हाल' म्हणजे काय हे उमगल्यावर त्या आधी कपाळावर हात मारून हसल्या आणि नंतर रडल्या. त्या जे बोलल्या ते आम्हांस पुढे कित्येक दिवसांनी नीट कळले. त्यांची लेक लग्न होऊन इचलकरंजीस गेली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. तेथे शेजारी कोणी आहे का, कोणी तिला 'दूध आले का' असे विचारते का, ही चिंता अव्वांना रात्रंदिवस लागे. नवे मराठी बिऱ्हाड भिंतीपलीकडे आले तेव्हा त्यांनी मनाशी ठरविले होते, की आपण येथे विचारू, म्हणजे तेथेही कोणी विचारील. आणि येथे त्यांचा लोटा परत आला.

पुढे आम्ही मोठ्या झालो तेव्हा कळले, की ज्या चढउतारातून आमचे घर गेले त्यास विद्वानांनी नावे दिलेली आहेत. कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे परदेशी स्त्रियांच्या मंडळापुढे 'कल्चर शॉक', म्हणजे सांस्कृतिक धक्का, या विषयावर भाषण केले. प्रथम नवलाईचा आनंद, मग चिडचीड व निराशा, मग हळूहळू सावरणे आणि अखेर रुळणे, असे टप्पे त्याने सांगितले. रोजच्या व्यवहारातील लहान लहान खुणा, म्हणजे केव्हा हसावे, केव्हा हात पुढे करावा, केव्हा नको म्हणावे, या हरवल्या म्हणजे मनुष्य आतून अस्वस्थ होतो, असे त्याचे म्हणणे. स्व्हेर्रे लिसगार्ड याने अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांना त्यांचे अनुभव विचारले व १९५५ साली त्याविषयी लिहिले; त्यांच्या मनाची रेघ वरून खाली व पुन्हा वर, म्हणजे कढईच्या आकाराची निघाली. पुढील संशोधकांनी मात्र दाखविले, की प्रत्येकाची वाट अशीच असते असे नाही. आमच्या घरापुरते हे अगदी खरे. आम्ही मुली नवलाईवरून खाली आलो. आईला नवलाई लाभलीच नाही. आणि वडिलांच्या मनाची रेघ कशी होती, हे त्यांनी कधी कळू दिले नाही.

कढईला एक दुसरी कढई जोडलेली असते, हे गुलाहॉर्न पतिपत्नींनी १९६३ साली लिहिले: स्वगृही परतल्यावर मनुष्य पुन्हा एकदा खाली जातो. तो अनुभव आम्हांस १९८७ च्या मे महिन्यात आला. तीन वर्षांनी आम्ही वाईस गेलो. पंगतीत काकू आमटी वाढीत होत्या, धाकटी सहज म्हणाली, "साकु!" सारी पंगत हसली. थोरलीच्या बोलण्यात प्रत्येक वाक्यामागे 'री' येई. चुलत भावंडांनी तिची नक्कल केली. "कानडी आल्या, कानडी आल्या!" असा घोष दिवसभर चालला. हुबळीला आम्ही मराठी, वाईला आम्ही कानडी. मग आम्ही कोठल्या? सायंकाळी घाटावर बसून आम्ही दोघी पोटभर रडलो.

आई आमच्यामागे येऊन बसली. वाहत्या पाण्याकडे ती बराच वेळ पाहत होती. आम्हांस वाटले, आता ती म्हणेल की आपण येथेच राहू. नातलगांनीही तिला तसे सुचविले होते. वाईला एका दुकानात वडिलांसाठी जागा पाहून ठेविली होती. परंतु ती म्हणाली, "मला येथे येऊन आठ दिवस झाले; अजून एकीनेही विचारले नाही, की तुझे तेथे कसे झाले. सगळ्या मीच तेथली नावे ठेवावीत म्हणून वाट पाहत आहेत." आणि थोड्या वेळाने, "अव्वा एकट्या असतील. पाणी कोण भरील त्यांचे?" आम्ही जूनमध्ये हुबळीस परत आलो.

त्या वर्षी भूगोलाच्या तासाला नकाशा भरताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली व ती आम्ही धावत जाऊन आईस सांगितली. हुबळीच्या नळांना जे पाणी येते त्यातील काही मलप्रभेचे. ही मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावते आणि कूडलसंगमापाशी कृष्णेस मिळते. म्हणजे ज्या नदीकाठी आई वाढली तिचीच एक बहीण आमच्या घागरीत येत होती. आईने घागरीत हात बुडविला आणि म्हटले, "मग इतके दिवस कोणी सांगितले का नाही?"

खरोखर, हे सांगणारे फार थोडे असतात. मुलूख वाटले गेले ते अलीकडे. हुबळी-धारवाड १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मुंबई राज्यात होते. त्यानंतर ते म्हैसूर राज्यात आले, आणि त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. सीमेविषयी मतभेद आहेत व ते थोरामोठ्यांचे विषय आहेत. परंतु माणसे आणि शब्द सीमेआधीपासून ये-जा करीत आले. आपले तूप कन्नड 'तुप्पा'चे, आपला अडकित्ता 'अडकोत्तु'चा, आपले अण्णा आणि अक्काही तिकडचेच. पंढरीच्या विठ्ठलास तर संतांनीच कानडा म्हटले. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. कन्नड काव्यासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि मराठी कथा लिहीत. येथून जवळच्या कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी मराठी रंगभूमी गाजविली. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल याच हुबळीत राहिल्या, आणि गदगचे भीमसेन जोशी पुण्यात राहून मराठी अभंग व कन्नड दासरपदे सारख्याच तन्मयतेने गायले. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. गुढी आपण उभारतो, ते उभारीत नाहीत. पण कडुलिंब आणि गूळ दोन्ही घरी खातात. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. अव्वाही 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येते, असेच म्हणत.

विद्यार्थिमित्रांनो, एवढ्यावरून सारे सुरळीत झाले असे समजू नका. आई बत्तीस वर्षे हुबळीत राहिली, चांगले कन्नड बोलू लागली. तरी आजारात ती मराठीतच कण्हत असे. आणि ते पाच महिने परत मिळाले नाहीत. नागपंचमीचा झोपाळा पुढे दरवर्षी आमच्या वाट्यास आला. पण १९८४ चा आला नाही. अव्वा आमच्यावर माया करीत, परंतु "हाल बंतेन्री?" हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी आपण होऊन विचारला नाही. रोज सकाळी आईच भिंतीशी जाऊन सांगे, "अव्वा, हाल बंतु." अव्वा गेल्या त्या दिवशीही सकाळी तिने ते सांगितले होते.

आता हुबळीची मुले बंगळूरास, पुण्यास आणि त्याहूनही दूर परदेशी जातात. आणि कोणी तरी दुरून आपल्या बोळात राहावयास येतात. तुमच्या वर्गातही नवे मूल येत असेल, ज्याला आपली भाषा येत नाही. त्याला काही विचारा. त्याने मान ताठ करून 'नाही' म्हटले तर रागावू नका. कदाचित तुमचा प्रश्नच त्याला निराळा ऐकू आला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि परक्या गावी तुम्हांस कोणी भिंतीवरून लोटा पुढे केला, तर अर्थ कळेपर्यंत तो परत सारू नका.

अव्वांचा तो लोटा आज आमच्या घरी आहे. त्यांच्या लेकीने तो आईला दिला. फरशीवर आपटून त्यास पडलेली पोच अद्याप तशीच आहे. आईने ती काढू दिली नाही.